कारा प्रदर्शनाचे दप्तर

'चिकानो आर्ट: रेझिस्टन्स अँड अफर्मेशन, १९६५-१९८५' हे प्रदर्शन ९ सप्टेंबर १९९० रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएच्या वाइट आर्ट गॅलरीत खुले झाले. आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'कारा' म्हणू लागले. पुढे ते तीन वर्षे अमेरिकेत फिरले आणि १९९३ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात त्याचा मुक्काम संपला. चित्रे आपापल्या मालकांकडे परत गेली. मागे राहिले ते कागद: समित्यांच्या कामाची टिपणे, अनुदानासाठी केलेले अर्ज, पत्रव्यवहार, स्लाइड, वर्तमानपत्रांची कात्रणे. हे दप्तर यूसीएलएच्याच चिकानो स्टडीज रिसर्च सेंटरमध्ये जतन केलेले आहे. प्रदर्शनाचा जाडजूड कॅटलॉग छापला गेला आणि तो आजही अभ्यासला जातो; पण कॅटलॉगमध्ये वाद मिटल्यानंतरचा मजकूर येतो. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची कला म्हणजे कोणती आणि ती निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद कसा झडला ते पाहायचे तर दप्तरच उघडावे लागते.

या वादाची मुळे बरीच जुनी आहेत. १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिकोचा बराचसा भाग त्यात होता. तिथे राहणारी माणसे घर न सोडता दुसऱ्या देशात गेली. त्यांच्या वंशजांना आणि नंतर सीमा ओलांडून आलेल्या मजुरांना शाळेत, शेतात, न्यायालयात दुय्यम वागणूक मिळत राहिली. 'चिकानो' हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जाई. साठच्या दशकातल्या तरुणांनी तोच आपल्या चळवळीचे नाव म्हणून उचलला.

प्रदर्शनाचे पहिले वर्ष १९६५ धरण्यामागे कारण होते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला. सुरुवात लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी केली. काही दिवसांतच सेसार चावेस आणि डोलोरेस वेर्ता यांची शेतमजूर संघटना त्यात उतरली. या संपाने चळवळीला तिची चित्रभाषाही दिली. लाल कापडावरचा काळा गरुड हे संघटनेचे निशाण सर्वांच्या ओळखीचे झाले. १९६६ मध्ये डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोकडे पायी मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकन लोक जिला मानतात त्या मेरीमातेचा, झेंडा होता. लुईस वाल्देस यांच्या 'एल तेआत्रो काम्पेसिनो' या नाटकमंडळीने ट्रकच्या फळीवर उभे राहून मजुरांसमोर छोटी प्रहसने केली. १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या हजारो विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेल्या मोठ्या मोर्चावर पोलिसी कारवाई झाली. त्या दिवशी पत्रकार रूबेन सालासार एका बारमध्ये बसलेले असताना शेरीफच्या माणसाने झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे लागून मरण पावले. त्यांचा चेहरा त्यानंतर पोस्टरांवर आणि भिंतींवर वारंवार दिसू लागला.

सिल्कस्क्रीनची पोस्टरे आणि भित्तिचित्रे ही या कलेची मुख्य माध्यमे होती, आणि तो योगायोग नव्हता. सिल्कस्क्रीनला लागते ती एक लाकडी चौकट, ताणलेले कापड, शाई आणि शाई ओढायची रबरी पट्टी. एका रात्रीत शेकडो प्रती निघतात आणि सकाळी त्या खांबांवर चिकटवता येतात. भित्तिचित्राला तिकीट लागत नाही. रस्त्याने जाणारा कोणीही ते पाहतो. दोन्ही माध्यमे संग्रहालयाला वळसा घालून लोकांपर्यंत पोचत होती. पुढे हीच कला संग्रहालयात न्यायची वेळ आली, तेव्हा तिचा हा मोकळेपणाच सर्वांत अवघड प्रश्न झाला.

संग्रहालयांचा दृष्टिकोन त्या काळी कसा होता, हे १९७२ च्या एका प्रसंगातून कळते. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या 'आस्को' या गटातले हॅरी गॅम्बोआ यांनी लॉस एंजेलिस काउंटी संग्रहालयात चिकानो कला का नाही, असे विचारले. चिकानो लोक लोककला करतात किंवा टोळ्यांत असतात, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी सांगितले आहे. त्यावर गॅम्बोआ, ग्रोंक आणि विली हेरोन यांनी रात्री संग्रहालयाच्या इमारतीवर स्प्रे-रंगाने आपली नावे लिहिली, जणू सगळे संग्रहालयच त्यांची कलाकृती होते. सकाळी त्या नावांच्या वरच्या बाजूला उभ्या असलेल्या सहकारी पात्सी वाल्देस यांचा फोटो गॅम्बोआंनी काढला. भिंत लवकरच रंगवून साफ झाली. कलाकृती म्हणून आज जे काही उरले आहे ते म्हणजे तो एक फोटो. चिकानो कलेच्या इतिहासात दस्तऐवजाला एवढे मोल का, याचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही.

दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच संग्रहालयात 'लोस फोर' या चौघांचे प्रदर्शन भरले. कार्लोस अल्मारास, गिल्बर्ट लुहान, बेतो दे ला रोचा आणि फ्रँक रोमेरो हे ते चौघे. मोठ्या संग्रहालयाने भरवलेले हे पहिले चिकानो प्रदर्शन मानले जाते. पण त्यानंतर दार पुन्हा अर्धे मिटले. चिकानो कला जगत राहिली ती वस्तीतल्या संस्थांमध्ये: लॉस एंजेलिसची 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स', जुडी बाका यांनी सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये उभारलेली 'स्पार्क', सॅक्रामेंटोची 'रॉयल चिकानो एअर फोर्स'. या शेवटच्या गटाचे मूळ नाव 'रिबेल चिकानो आर्ट फ्रंट' होते. त्याची आद्याक्षरे कॅनडाच्या हवाई दलाच्या आद्याक्षरांशी जुळली, लोक गोंधळू लागले, तेव्हा गटातल्या चित्रकारांनी वैमानिकांचा वेष चढवून नवे नावच धारण केले.

'कारा'ची कल्पना १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात यूसीएलएच्या कला-इतिहास विभागात जन्मली. चिकानो कलेवर एक प्रदर्शन व्हावे, असा प्रस्ताव पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मांडला. त्यांत मार्कोस सांचेस-त्रांकिलिनो आणि हॉली बार्नेट-सांचेस हे होते. प्राध्यापिका सिसीलिया क्लाइन यांनी त्यांना पाठिंबा दिला आणि वाइट गॅलरीच्या संचालिका एडिथ टोनेली यांनी प्रस्ताव स्वीकारला. संग्रहालयाच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मग एक क्युरेटर नेमला गेला असता, त्याने चित्रे निवडली असती आणि काम उरकले असते. तसे झाले नाही. विद्वान, चित्रकार आणि वस्तीतल्या संस्था चालवणारे लोक यांची एक राष्ट्रीय सल्लागार समिती बनली. तिच्या हाताखाली देशातल्या विभागांसाठी स्वतंत्र समित्या, एक कार्यकारी समिती आणि एक निवड समिती होती. गॅलरी आणि ही समिती अशा दोघांच्या नावाने प्रदर्शन जाहीर झाले. टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांची कला एकसारखी नव्हती, शिकागोची तर वेगळीच होती. म्हणून विभागीय समित्यांकडून नावे मागवणे आवश्यक होते. यात वेळ फार गेला. पत्रे गेली, स्लाइड आल्या, बैठका झाल्या, मतभेद लिहून ठेवले गेले. दप्तराची जाडी या पद्धतीमुळेच वाढली. एकाच क्युरेटरने फोनवर आणि मनातल्या मनात घेतलेल्या निर्णयांचा असा कागदोपत्री माग कधीच राहिला नसता.

समितीने सुरुवातीला एक व्याख्या ठरवली. तिचा आशय असा, की चिकानो कला ही अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांच्या दीर्घ सांस्कृतिक, आर्थिक आणि राजकीय लढ्याची आधुनिक आणि चालू असलेली अभिव्यक्ती आहे. ही व्याख्या नुसत्या जन्मावर आधारलेली नव्हती. एखाद्या चित्रकाराचे आडनाव स्पॅनिश आहे म्हणून तो प्रदर्शनात येत नव्हता. चळवळीशी त्याच्या कामाचे नाते काय, हे पाहिले जाई. या आग्रहाला तातडीचे निमित्तही मिळाले. १९८७ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयाने 'हिस्पॅनिक आर्ट इन द युनायटेड स्टेट्स' हे तीस समकालीन चित्रकार-शिल्पकारांचे मोठे प्रदर्शन भरवले. निवड जॉन बीअर्डस्ली आणि जेन लिव्हिंग्स्टन यांनी केली होती. क्युबन, पोर्तो रिकन, मेक्सिकन अशा सगळ्यांना तिथे एकाच नावाखाली आणले गेले, आणि राजकारण बाजूला ठेवून रंग, आकार, कल्पकता यांवर भर देण्यात आला. चिकानो अभ्यासकांनी त्यावर कडक टीका केली. 'कारा' उभे राहिले ते या प्रदर्शनाचा प्रतिवाद म्हणूनही.

पैशाची बाजू कठीण होती. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेने नियोजनासाठी अनुदान दिले, पण प्रत्यक्ष प्रदर्शन उभे करण्याच्या टप्प्यावर अर्ज नाकारला. ते दशक रेगन आणि नंतर बुश यांच्या प्रशासनाचे होते, आणि सार्वजनिक पैशाने कोणती कला पोसावी यावर वॉशिंग्टनमध्ये खडाजंगी चालू होती. शेवटी रॉकफेलर फाउंडेशनसारख्या खाजगी संस्थांच्या मदतीने काम पुढे गेले. अनुदानाचे अर्ज हा प्रदर्शनाच्या दप्तरातला सर्वांत रुक्ष भाग वाटतो. अभ्यासकाला मात्र तो फार उपयोगी पडतो. अर्ज लिहिताना आयोजकांना आपली कला परक्या परीक्षकांना समजेल अशा शब्दांत मांडावी लागते. प्रत्येक मसुद्यात कोणता शब्द आला, कोणता गळला, हे पाहिले की चळवळीची भाषा संस्थेच्या भाषेत कशी रूपांतरित होते ते टप्प्याटप्प्याने दिसते.

प्रदर्शनात शंभराहून बऱ्याच अधिक कलाकृती होत्या आणि त्या विषयवार मांडल्या होत्या: शेतमजुरांचा लढा, नागरी हक्क, शहरी जीवन, सांस्कृतिक प्रतीके, गतकाळावरचा हक्क, स्त्रीवादी दृष्टी. एस्तेर एर्नांदेस यांचे 'सन मॅड' हे १९८२ चे सिल्कस्क्रीन तिथे होते. मनुक्यांच्या प्रसिद्ध खोक्यावर टोपी घातलेली, द्राक्षांची टोपली हाती धरलेली हसरी मुलगी असते. एर्नांदेस यांनी त्याच रचनेत, त्याच लाल-पिवळ्या रंगांत तिच्या जागी सांगाडा बसवला. टोपी तीच, टोपली तीच, दात विचकलेले. खाली त्या द्राक्षांसोबत येणाऱ्या कीटकनाशकांचा आणि तणनाशकांचा उल्लेख. एर्नांदेस स्वतः कॅलिफोर्नियाच्या द्राक्षपट्ट्यातल्या शेतमजूर कुटुंबातल्या, आणि तिथले पिण्याचे पाणी कीटकनाशकांनी दूषित झाल्याचे कळल्यावर त्यांनी हे चित्र केले. योलांदा लोपेस यांच्या १९७८ च्या चित्रात ग्वादालुपेच्या मातेच्या तेजोवलयातून एक धावपटू तरुणी बाहेर उडी घेते. पायात धावण्याचे बूट, हातात साप, खांद्यावर ताऱ्यांचा निळा शेला. ती तरुणी म्हणजे स्वतः चित्रकर्ती.

अमालिया मेसा-बेन्स यांचे 'ऑफ्रेंडा फॉर दोलोरेस देल रिओ' हे मांडणशिल्प आणखी वेगळ्या प्रकारचे. मेक्सिकन घराघरांत पूर्वजांच्या स्मरणासाठी मांडतात तशी ही वेदी, पण एका चित्रपट-अभिनेत्रीसाठी सजवलेली: आरसे, कापड, चौकटीतले फोटो, वाळलेली फुले, चमकी. अशा कलाकृतीचा प्रवास चौकटीतल्या चित्रापेक्षा फार कटकटीचा असतो. प्रत्येक मुक्कामी ती सुटी होऊन येते आणि नव्याने मांडावी लागते. कोणती वस्तू कुठे, फुलांचा थर केवढा, हे लिहून ठेवले नाही तर पुढच्या गावी वेगळीच वेदी उभी राहील. मेसा-बेन्स यांनी १९८४ ची ही रचना १९९१ मध्ये सुधारली.

भित्तिचित्रे तर हलवताच येत नाहीत. म्हणून पन्नासहून अधिक भित्तिचित्रांच्या केवळ प्रतिमा प्रदर्शनात दाखवल्या गेल्या. यातली कित्येक चित्रे नंतर पुसली गेली किंवा इमारतीबरोबर पडली, त्यामुळे अशा स्लाइडचे मोल वाढतच गेले. आस्को, लोस फोर आणि रॉयल चिकानो एअर फोर्स या तीन गटांना दालनातच छोट्या घरकुलांसारख्या स्वतंत्र जागा दिल्या होत्या. तिथे त्यांनी आपापली मांडणी केली.

फिरत्या प्रदर्शनाचे दैनंदिन काम कागदावरच चालते. प्रत्येक कलाकृतीसाठी मालकाशी उसनवारीचा करार होतो, विम्यासाठी किंमत ठरते, पेटीला क्रमांक पडतो. पेटी उघडली की चित्राची अवस्था तपासून नोंदवतात: कोपरा दुमडला आहे का, शाई उडाली आहे का, चौकटीची काच तडकली आहे का. पेटी पुन्हा बंद करताना हीच तपासणी परत होते, म्हणजे नुकसान कोणत्या मुक्कामी झाले ते कळते. रस्त्यावर चिकटवण्यासाठी स्वस्त कागदावर छापलेले पोस्टर या व्यवस्थेत शिरले की त्याला विमा आणि मंद प्रकाश मिळतो. लोकांच्या मालकीची म्हणून जन्मलेली कला संग्रहालयात गेल्यावर काय होते, या प्रश्नाचे उत्तर अशा छापील फॉर्मच्या रकान्यांतही सापडते.

लॉस एंजेलिसनंतर प्रदर्शन १९९१ मध्ये डेन्व्हर, अल्बुकर्की, सॅन फ्रान्सिस्को आणि फ्रेस्नो येथे गेले. १९९२ मध्ये टुसॉन, वॉशिंग्टनचे नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट आणि सीमेवरचे एल पासो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कमधले ब्राँक्स आणि शेवटी सॅन अँटोनियो. या यादीत डेन्व्हरला विशेष अर्थ आहे, कारण १९६९ ची चिकानो युवक परिषद तिथेच भरली होती. फ्रेस्नो द्राक्षपट्ट्यातले, 'सन मॅड' तिथल्या भिंतीवर लागले तेव्हा पाहणाऱ्यांतल्या अनेकांना त्या मनुक्यांचा उगम सांगावा लागला नसणार. वॉशिंग्टनचा मुक्काम वेगळ्या कारणाने मोठा होता. राष्ट्राच्या स्वतःच्या कलासंग्रहालयात, सरकारला जाब विचारणारी ही पोस्टरे अमेरिकन कला म्हणून टांगली गेली.

प्रदर्शनात अभिप्राय वह्या ठेवल्या होत्या आणि लोकांनी त्यांत मनापासून लिहिले. आपल्या आजीच्या घरातली वस्तू संग्रहालयात पाहून भारावलेले आणि ही कला नव्हे, प्रचार आहे असे म्हणणारे, दोन्ही तऱ्हेचे प्रेक्षक त्यात भेटतात. अभ्यासक अलिसिया गॅस्पार दे अल्बा यांनी या अभिप्रायांचा आणि वर्तमानपत्री समीक्षणांचा बारकाईने अभ्यास केला. न्यू मेक्सिको विद्यापीठात १९९४ मध्ये सादर झालेला त्यांचा प्रबंध पुढे 'चिकानो आर्ट इनसाइड/आउटसाइड द मास्टर्स हाउस' या नावाने १९९८ मध्ये ग्रंथरूपात आला. 'कारा'वरचे ते सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आहे, आणि ते भक्तिभावाने लिहिलेले नाही. स्त्रियांच्या कामाला 'स्त्रीवादी दृष्टी' असा वेगळा कप्पा दिला की बाकीचे कप्पे आपोआप पुरुषांचे ठरतात, हा त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. स्वतंत्र घरकुले मिळालेल्या तिन्ही गटांत पुरुषांचेच प्राबल्य होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात सत्तरच्या दशकात मोठमोठ्या भिंती रंगवणाऱ्या 'मुहेरेस मुरालिस्तास' या स्त्रियांच्या गटाला तसे घरकुल मिळाले नाही. लोकशाही पद्धतीने चाललेल्या समितीतही हे घडले, ही गोष्ट त्या पद्धतीच्या मर्यादा दाखवते. पण एकाच क्युरेटरच्या हाती निवड असती तर स्त्रियांना बैठकीत भांडायलाही जागा मिळाली नसती, हेही तितकेच खरे.

प्रदर्शन संपल्यावर थोड्याच काळात, १९९४ मध्ये, यूसीएलएने हॅमर म्युझियमचा कारभार हाती घेतला आणि वाइट गॅलरीचे काम तिकडे वळले. 'कारा'चे कागद चिकानो स्टडीज रिसर्च सेंटरमध्ये सांभाळले गेले ही मोठी गोष्ट झाली. १९६९ मध्ये विद्यार्थी चळवळीच्या रेट्यातून स्थापन झालेले हे केंद्र स्वतःच त्या इतिहासाचा भाग आहे. संग्रहाची सूची कॅलिफोर्नियातल्या ग्रंथालयांच्या सामायिक ऑनलाइन सूचीत पाहता येते. कागद मात्र तिथे जाऊनच चाळावे लागतात.

या पायावर पुढचे बरेच काम उभे राहिले. २०११ मध्ये चॉन नोरिएगा यांच्या संचालकपदाच्या काळात केंद्राने 'एल. ए. झिकानो' ही प्रदर्शनांची मालिका शहरातल्या संग्रहालयांबरोबर भरवली. त्याच वर्षी लॉस एंजेलिस काउंटी संग्रहालयाने आस्कोचे सिंहावलोकन भरवले. १९७२ मध्ये ज्या इमारतीवर नावे लिहिली गेली, तीच संस्था आता त्या फोटोला दालन देत होती. वॉशिंग्टनचे जुने नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट आता स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम या नावाने ओळखले जाते. तिथे २०२० मध्ये ई. कार्मेन रामोस यांनी चिकानो मुद्राचित्रांचे मोठे प्रदर्शन उभारले आणि त्यात 'सन मॅड' पुन्हा आले, या वेळी संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहातून.

'कारा'वर पूर्ण काम करायचे तर एकच दप्तर पुरत नाही. यूसीएलएमध्ये समितीचे आणि आयोजकांचे कागद मिळतात. रॉयल चिकानो एअर फोर्स आणि सेल्फ हेल्प ग्राफिक्स यांचे संग्रह सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत. तोमास इबारा-फ्राउस्तो हे अभ्यासक चळवळीच्या सुरुवातीपासून पत्रके, आमंत्रणे, टिपणे जमवत होते आणि पुढे रॉकफेलर फाउंडेशनमध्ये अधिकारी झाले. त्यांनी गोळा केलेले साहित्य वॉशिंग्टनच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये आहे, आणि चिकानो कलेसाठी पैसा कसा मिळवला गेला याची देणाऱ्याच्या बाजूने माहिती असलेल्या माणसाचा तो संग्रह आहे.